सोडियमचा उखाणा

प्रिय स्वरदा,

तुझा सोडियम मला मुळीच मान्य नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरनी शिकवलं आणि मी जन्मभर पोरींना शिकवलं: धातू चकाकतो, त्याच्या आरपार दिसत नाही. आणि तू लिहितेस, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये प्रचंड दाबला की तोच सोडियम आधी काळा पडतो, मग काचेसारखा पारदर्शक होतो! रॉकेलात बुडून राहणारा, सुरीनं कापला जाणारा गरीब गोळा तो. तुमच्या प्रयोगशाळेला दुसरा उद्योग नाही का?

बिंदुमाधवरावांना वाचून दाखवलं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते संध्याकाळी ब्रह्मा घाटावर माझ्याकडे चहाला येतात, हे तुला ठाऊक आहे. साऱ्या मोहल्ल्याला आहे. ते हसून म्हणाले, एवढं दाबून विचारल्यावर बिचारा काय लपवणार!

दाब इथेही कमी नाही. तुझ्या बाबांनी नागपूरहून फोनवर फर्मावलं, ताई, चहा बंद कर, लोक काय म्हणतील. दूधवालासुद्धा ‘साहब आएँगे न?’ विचारून माप भरतो. मी आपली काळी पडत होते.

परवा शेजारच्या शरदिनीवहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. उखाण्यांची फेरी मला दरवर्षी ओलांडून जाते; बिनलग्नाची बाई नाव कुणाचं घेणार? यंदा वहिनी मुद्दाम थांबल्या. निवेदिताताई, तुम्हीही घ्या की, निदान चहाच्या कपाचं! सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं:

दोन हिऱ्यांनी दाबलं, सोडियमनं टाकला धातूचा स्वभाव,
तुम्ही सगळ्यांनी दाबलंत, घेते बिंदुमाधवरावांचं नाव!

वहिनींच्या हातातला तिळगूळ तसाच राहिला. मग रामनगरच्या इंदूकाकूंनी, कवळी सांभाळत, चक्क शिट्टी मारली!

खरी पंचाईत पुढेच. बिंदुमाधवरावांना मी काही विचारलंच नव्हतं. मी घरी पोचायच्या आत बातमी गल्लीबोळांतून धावत पोचली होती. बघते तर ते माझ्या पायरीवर, हातात पाकात घोळलेल्या गरम लौंगलता मिठाईचा द्रोण घेऊन बसलेले. म्हणाले, उखाणा फार लांबलाय, पण उत्तर ‘हो’ आहे. त्यावरही आम्ही भांडलो. मग चहा घेतला.

लग्न वसंत पंचमीला. तुझे बाबा येणार नाहीत म्हणतात. रुसू देत, वरातीच्या मिठाईपर्यंत टिकणार नाही तो रुसवा. पण माझ्या बाजूनं अंतरपाट धरायला मला तूच हवीस. सोडियम तुझा, तेव्हा जबाबदारीही तुझी. कापड येताना घेऊन ये. जाड अजिबात नको. आरपार दिसलं पाहिजे.

तुझीच, म्हातारपणी काचेसारखी झालेली,
निवेदिताआत्या