ज्यांनी घातलं नाही त्यांचा वाटा

सामार, फिलिपिन्स, ता. १४ सप्टेंबर १९८६

चि. आदेला हिस थोरल्या बहिणीचे, तुझ्या माना सोलेदादचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मालकिणीचं मूल तुला आई म्हणतं हे वाचून आपली आई हसली, मग ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली.

इकडे आम्ही बायकांनी एक घाट घातलाय. भात शिजवताना प्रत्येक घरानं रोज मूठभर तांदूळ काढून चर्चमधल्या पिंपात टाकायचे. शिवाय रताळ्याचे वाळवलेले काप, सुकी मासळी. मागच्या वादळानंतर आठवडाभर नुसत्या शहाळ्यांवर काढला, तसं पुन्हा नको. राखणीला आई बसते. म्हणते, उंदीरसुद्धा मला विचारून जातो. शेजारची पेर्पेतुआ मात्र दाणा देत नाही. मेरीमाता बघेल म्हणते, वर मलाच कोठीवालीण म्हणून चिडवते.

आहे ती माया वाढव.
तुझी सोलेदाद

हाँगकाँग, ता. ५ ऑक्टोबर

ती. माना हिस धाकटीचा सा. न. वि. वि.

कोठीवालीणबाई, आईला राखणीला बसवलंस, आता रताळी उरतील असं समजू नकोस.

पेर्पेतुआवर डोळे वटारू नकोस. मुलगा समुद्रात बुडाल्यापासून तिच्याकडे दोन्ही वेळ चूल पेटते का, ते आधी बघ. घरात बाळंतीण सून आहे. आईचा खोकला कसा आहे, तेही खरं खरं कळव.

रागावलीस तरी विसरू नकोस.
आदेला

सामार, ता. ३० नोव्हेंबर

चि. आदेला हिस आशीर्वाद.

वादळाचं तू ऐकलं असशील. घर गेलं. चर्चच्या भिंती राहिल्या आणि पिंप राहिलं. पूल वाहून गेला, एकतीस घरं त्या पिंपावर जगली. पेज मी वाढत होते. पहिल्याच दिवशी बायकांनी ठरवलं, ज्यांनी घातलं त्यांनाच मिळेल. मीही मान हलवली. पेर्पेतुआची सून बाळाला घेऊन रांगेत आली, तिला मी परत पाठवलं. तुझं पत्र वाचलेलं होतं, तरी.

आई आपला वाडगा घेऊन भिंतीआड जायची. गर्दीत घास उतरत नाही म्हणायची. पाचव्या दिवशी मी मागोमाग गेले. सून पेज पीत होती, बाळ आईच्या मांडीवर होतं. मी आईवर ओरडले. ती एवढंच म्हणाली की तू वाढलं नाहीस, म्हणून मला वाढावं लागलं.

त्या दिवसापासून मी त्यांना वाढू लागले. कुणी हूं की चूं केलं नाही. पण आईच्या अंगात ताप मुरला होता. आठव्या दिवशी सकाळी ती गेली. मदतीची होडी नवव्या दिवशी आली.

बाळ सुखरूप आहे. आदेला, पळी माझ्या हातात होती. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच लिहिलं.

सोलेदाद

हाँगकाँग, ता. २१ डिसेंबर

ती. माना हिस नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. जानेवारीत आठ दिवस सुट्टी मिळाली आहे. आईचे कपडे राहिले असतील तर कुणाला देऊ नकोस, मला ते एकदा हातात घ्यायचेत. तू जेवत नाहीस असं पाद्रीबाबांनी कळवलंय. जेव.

लोभ आहेच, तो कुठे जाणार? राग जायला मात्र वेळ लागेल. तोवर पत्रं थांबवू नकोस.

आदेला