हळदीखालची गाठ

रविवार, संध्याकाळ. ठाकुर्ली.

शेवटी आज प्राचीला पोट दाखवलं. शुगरचं इंजेक्शन दर रविवारी माझं मीच टोचते, आणि गेले तीन आठवडे त्या जागी लाल, खाजरी गाठ येतेय. डॉक्टर औषध बंद करतील या भीतीने कुणाला बोलले नाही. इतक्या वर्षांनी शुगर उतरलीय. गुपचूप हळद लावत राहिले.

सून झाली तरी तिच्यापुढे साडी सैल करायची लाजच वाटली. तिने ओल्या कापसाने हळद पुसली. "आई, हळदीखाली लाली दिसणार कशी?" लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, औषध चालू ठेवा, हळद बंद करा, दर वेळी जागा बदला, फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास थांबा. अंगावर पित्त उठलं किंवा गाठ वाढली तर मात्र ताबडतोब या. एवढंच होतं. मी कशाला एवढी घाबरले?

फोननंतर उरलेली हळद पुसता पुसता तिला सिझेरियनचा व्रण दिसला. "हा अमितच्या वेळचा ना? इथे नाही हं टोचायचं," म्हणाली, आणि हळदीचं पिवळं बोट त्यावरून हळूच फिरवलं.

त्या व्रणाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. अमितनेही.