वीतभर जागा

१२ नोव्हें., बुध.
गुडघा आज बरा. सकाळी अंगणात उरलेल्या जांभ्या चिऱ्यांच्या थप्पीवर बसून ऊन खात होतो, तर केतकी आली. रत्नागिरीतली आर्किटेक्ट पोर. आपल्या बंदरावरच्या मासळी बाजाराचं काम तिच्याकडे आलंय. वादळात पत्रे उडाले तेव्हापासून बायका ताडपत्र्या बांधून बसतायत, त्याला आता कुठे मंजुरी. म्हणाली, "अण्णा, मला ऑफिसात बसून नकाशा काढायचा नाही. बसणाऱ्यांनी सांगायचं, मी काढायचं." ऐकून बरं वाटलं. पन्नास वर्षं गवंडीकाम केलं, अर्धा गाव माझ्या हातचा. पण बायकोला चूल कुठे हवी हे विचारून घर बांधणारा मालक एखादाच भेटला.
माझ्याकडे काम एवढंच, बाजारात कोण कुठे बसतं ते मोजून नावानिशी लिहून द्यायचं. म्हटलं, हात्तिच्या! डोळे मिटून सांगतो.
हिने पोरीला घावणे घातले. चार खाल्लेन. लाजली नाही, ते आवडलं.

१४ नोव्हें., शुक्र.
दुपारी बाजार उठल्यावर गेलो. मुद्दामच. भर बाजारात टेप घेऊन मध्ये कशाला कडमडा. प्रत्येकीचा बसायचा चिरा ठरलेला, सासूकडून सुनेकडे आलेला. बसून बसून मधोमध खोलगट झालेत. कुठला कुणाचा ते मला पाठ, निम्मे मीच तासून दिलेत. भरले बत्तीस. बत्तीस नावं लिहिली, के.ला फोनवर वाचून दाखवली. "अण्णा, तुम्ही नसतात तर मला महिना लागला असता." संध्याकाळपर्यंत पाय जमिनीवर नव्हते माझे.

२१ नोव्हें., शुक्र.
देवळात सभा. के.ने नकाशा भिंतीला लावला, बायकांच्या हातात त्याच्या प्रती दिल्या. दोन ओळी, ओळीत सोळा ओटे, मध्ये वाट, मागे भिंत, वर पत्रा, पाण्याला गटार. सरपंच बोलले, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन बोलले, जे जन्मात बाजारात बसले नाहीत ते सगळे बोलले. बायकांना विचारलं, तर सगळ्या एका सुरात, "बरा हाय, बरा हाय." के. खूश. तिथल्या तिथे ठराव. सोमवार ८ डिसें.पर्यंत यादीवर सह्या करून द्यायच्या, एका ओट्याला एक नाव, नावावर ओळखपत्र.
मला मात्र चुकल्यासारखं वाटत राहिलं. बत्तीस बायका एकदम बरा म्हणतात तेव्हा एकीनेही बघितलेलं नसतं. घरी आल्यावर ही म्हणते, "पुढे बसलेल्या राधाने नकाशाचा कागद उलटा धरलान होता. बघितलात नाय काय?"
नाही बघितला.

२३ नोव्हें., रवि.
के.ला सांगितलं, बाई, कागदावरचं घर आम्हाला गवंड्यांनाही दिसत नाही. आम्ही जमिनीवर आखतो. खुंट्या मारायच्या, दोरी ताणायची, चुन्याची फक्की टाकायची, मग मालक त्यात फिरतो आणि म्हणतो, इथे माझं डोकं आपटेल. बाजारही तसाच आखू. पुरा, खऱ्या मापाचा. बंदरावर वाळवणाची जागा आहे तिथे.
तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "हे मला पाच वर्षांत कोणी शिकवलं नाही." मी म्हटलं, मला चौथीपर्यंतही नाही शिकवलं. चौथीलाच सोडलं मला.

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार. म्हावऱ्याला गिराईक नाही, म्हणून हाच दिवस धरला. सकाळपासून मी, के. आणि फक्कीची दोन पोती. के. वाटेत हातखंब्याला गाड्यांच्या रांगेत अर्धा तास अडकली होती, तरी धावत आली. माझे चिरे टेंपोत घालून नेले, एक ओटा खरा रचला, नुसता, चुन्याशिवाय. बायका आल्या आपापली पाटी नि विळी घेऊन. आणि तोंडं उघडली!
ओटा बघून राधा म्हणाली, "ह्याच्यावर उभ्यानं कापायचा? खवलं उडून गिराइकाच्या तोंडावर जातील वो."
"मग बऱ्यात. सांगायचा, पावडर लावली," कमळ. तिचा आवाज पार होडीपर्यंत जातो. हसून हसून लोळल्या.
के.ने तिथेच खाली बसून मापं घेतली. ओटा दीड फुटावर आला.
मग कमळ मागच्या भिंतीच्या रेघेशी जाऊन उभी. "हिकडं भिंत? मग होडी कशी दिसायची गो बाय?"
के.ला कळेना. कमळने समजावलं. होडी वळणावर आली की तिच्यावर घारी किती फिरतात ते बघायचं. घारी पुष्कळ तर म्हावरं पुष्कळ, तर पाटीत उरलेलं पडेल त्या भावात लगेच काढून टाकायचं. घारी नाहीत तर धरून ठेवायचं. भिंत घातली म्हणजे बायांचे डोळेच बांधले. ह्या बंदरावर जन्म गेला माझा, मला हे माहीत नव्हतं. चिऱ्यांची जाळी करू म्हटलं, एक आड एक. वाराही येईल.
एवढं छान चाललेलं. मग एकेक आपल्या चौकोनात जाऊन बसली. बत्तीस भरले. आणि फक्कीच्या बाहेर पाटी कडेवर घेऊन शेवंती उभी. राधाची धाकटी जाऊ.
"तुजा कुटला गो?" कमळने विचारलं.
शेवंती माझ्याकडे बघत होती.

२८ नोव्हें., शुक्र.
काल पुढचं लिहवेना.
राधा आणि शेवंती एकाच चिऱ्यावर बसतात. सासूने मरताना वाटून दिलेला, सकाळ मोठीची, संध्याकाळ धाकटीची. राधा बाराला उठते, शेवंती चारला येते. मी गेलो दुपारी दोनला. मी दगड मोजले. दगडावर नाव लिहिलं राधाचं.
अशा अजून तिघी निघाल्या, संध्याकाळच्या. कुणी बोललं का नाही? कारण हे सगळ्यांना माहीत आहे. जे सगळ्यांना माहीत ते कुणी कुणाला सांगत नाही. के. बाहेरची, तिला माहीत असायचं कारण नाही. मी आतला, म्हणून मला कुणी सांगितलं नाही.
आणि एका ओट्याला एकच नाव. शेवंतीचं नाव कुठेच नाही.
हिला सांगितलं. भाकरी थापायची थांबली. "जन्मभर दगड बघितलेत. आता तरी मान वर करा."

३० नोव्हें., रवि.
शेवंतीकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो, दारात सगळं विसरलो. नवरा मुंबईला ट्रॉलरवर, वर्षातून दोनदा येतो. मुलगी रत्नागिरीत नर्सिंग शिकते, दुसरं वर्ष.
"तुमची काय चूक अण्णा. लोक म्हणतात मिरजोळ्याला कंपनीत कोलंबी सोलायला बाया घेतात. जायन तिकडं. सकाळी गाडी येते."
म्हटलं, राधाशी बोल. दोघींची नावं घाला म्हणून अर्ज करू.
"मी बोलायची? आदी त्यांनी बोलावं. मोठ्या हायत त्या."
सासू गेल्यापासून अबोला. कशावरून, ते त्यांनाही धड सांगता येणार नाही. पण निघताना शेवंती म्हणाली ते डोक्यात राहिलं. कंपनीत थंडीत उभं राहायचं, हातमोजे घालून, कुणाशी बोलायचं नाही. "इथं बांगडा कसा दिला म्हणून चार जण इचारतात तरी."

२ डिसें., मंगळ.
के.ला सगळं सांगितलं. वाटलं, आता हात झटकेल. ठराव झालेला, लांबीरुंदी मंजूर, वाढवायची सोय नाही. बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "अण्णा, बाजार वाढवता येत नाही. ओटे लहान करता येतील. लांबी तीच, ओळीत सोळाच्या जागी अठरा. छत्तीस होतात." म्हणजे पाच फुटांचा ओटा साडेचारपेक्षा थोडा कमी. प्रत्येकीने साधारण वीतभर सोडायची.
मंजुरी देणाऱ्या साहेबांशी ती बोलली. ते म्हणाले, बाहेरचं माप बदलत नसेल तर बघू, पण बत्तीसजणींची लेखी संमती हवी. एकही कमी चालणार नाही.
बत्तीस म्हणजे राधासुद्धा.

४ डिसें., गुरु.
पुन्हा गुरुवार, पुन्हा फक्की. छत्तीस आखले. मी उभा राहून आधी माझी चूक सांगितली. सभेत कधी बोललो नव्हतो. सांगून झाल्यावर खालीच बसलो.
कमळ म्हणाली, "वीत कुणाची ते सांगा. अण्णांची असंल तर परवडनार नाय, पंजा हाय की वल्हं? माज्या नातवाची घ्या, तो दोन वर्साचा हाय."
हसले सगळे. मग भांडण सुरू झालं, पण बरं भांडण. एकीची पाटी मोठी, एकीचं पोर शेजारी झोपतं, एकीला गुडघा मुडपत नाही. के. प्रत्येकीच्या चौकोनात जाऊन बसली, पाटी फिरवून बघितलीन, पाटीखाली कप्पा काढून दाखवलान, बर्फाचा खोका तिथे जाईल. जागा कमी झाली तरी कोपराला कोपर लागत नाही हे बायकांनी स्वतः बसून बघितलं. गुडघेवालीला वाटेकडेचा ओटा. हे कागदावर कुणाच्या बापाला जमलं नसतं.
राधा आली होती. आपल्या नव्या चौकोनात बसली, विळी मांडली, उठली, गेली. हो नाही की ना नाही.
शेवंती आली नाही.

६ डिसें., शनि.
दोन दिवस मी आणि कमळ घरोघर. कमळच्या तोंडापुढे कुणाचं काही चालत नाही. "सही कर गो, नायतर माज्या शेजारी बसायचा हाय तुला जन्मभर." एकतीस झाल्या. दोघींचे अंगठे, बाकी सह्या. एकीने सुनेच्या पेनाने नाव गिरवलं, दहा मिनिटं घेतली, आम्ही चहा प्यायलो तोवर.
राधाकडे मी एकटा गेलो. पाणी दिलं, बसा म्हणाली, कागद बघितला, बाजूला ठेवला. "माजी जागा मी कमी करू ती कुणासाटी, ते मला म्हाईत हाय अण्णा."
"चौघींसाठी," मी म्हटलं.
"तिगींसाटी दोन वीत देयन."
कागद घेऊन परत आलो. हिला सांगितलं, वाटलं चिडेल. म्हणाली, "दोन वीत म्हणाली ना? मग हाताची मूठ उघडलीन तरी." बायकांचं गणित वेगळं असतं.

७ डिसें., रवि.
उद्याचा दिवस शेवटचा. के. सकाळी दहाला येते, इथूनच कागद घेऊन साहेबांकडे जाणार. फोनवर विचारलं, बत्तीस झाल्या का. म्हटलं, तू ये तर.
चारच्या सुमारास बंदरावर गेलो. पायांनी आणि कुत्र्यांनी फक्की पुसट झालेली, रेघा परत टाकत होतो. मागून राधा आली. पाटीबिटी काही नाही, हात मागे बांधलेले. ओळीतून सावकाश चालत गेली, मी बघतच नाही असं दाखवलं.
"तिचा कुटला?"
नाव घेतलं नाही. मी टोकाचा दाखवला, पश्चिमेकडचा. उरले होते ते चार मी टोकालाच धरले होते.
राधा त्यात जाऊन उभी राहिली. डोळ्यावर हात धरला. समोर सूर्य, पाण्यावरून सरळ तोंडावर.
"ती चारनंतर बसते," म्हणाली. "सांजचं ऊन डोळ्यांत जायल तिच्या. घारी कशा दिसायच्या?" मग माझ्याच अंगावर, "गवंडी ना वो तुमी? येवडं कळत नाय?"
मी म्हटलं, मग कुठे धरू, सांग.
ती परत आपल्या ओट्याशी आली. पायाच्या अंगठ्याने फक्कीची रेघ उगाच उकरत राहिली, आपल्या आणि कमळच्या मधली. जवळजवळ पुसलीच ती.
"तुमी ठरवा. माज्या तोंडातनं काय वदवू नका."
"आणि सही?"
"उद्या बगू," म्हणाली आणि गेली.
कमळला निरोप धाडला, तू टोकाला जाशील काय? उलटा निरोप, "काळा गॉगल घेऊन द्या, जाते." मग दोरी ताणली. टोकाचा चौकोन कमळचा केला, राधाशेजारचा शेवंतीचा. मधली रेघ नवी मारली. कागदावर बत्तीसावी जागा अजून कोरी आहे.
शेवंतीकडे जाऊन सांगून आलो, उद्या दहाला पाटी घेऊन ये. कुठे बसायचं ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. विळीला धार लावत होती.