सेलेस्टीनचा कप

वेम्बली, ३ मार्च २०२५

चि. शशीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझे गुडघे आहेत तसेच. हे जाऊन परवा चार वर्षं होतील. त्यांच्या खुर्चीत आता मी पुस्तक घेऊन बसते. लायब्ररीतून सेलेस्टीनचं चरित्र आणलं. तुला आठवेल, सोल संगीत गाणारी ती मोठी गायिका, जिचे स्टेजवरचे झगे मी पंधरा वर्षं शिवले. गेल्या वर्षी वारली. डिक्शनरी शेजारी ठेवून दीडशे पानं वाचली. आईचं बोट धरून जमैकाहून आली, चर्चमध्ये गायली, मग अख्ख्या इंग्लंडने डोक्यावर घेतलं. आणि पुढच्याच पानावर मी आले.

तिने सांगितलंय, की वेम्बलीच्या टेलरबाईने माझ्यासाठी निळ्या काठाचा खास कप ठेवला होता, त्यातून दुसऱ्या कुणाला पिऊ देत नसे. एवढा मान मला मोठ्या हॉटेलांतही मिळाला नाही, असं म्हणते.

शशी, तो कप मी वेगळा ठेवला कारण ती काळी होती. आमच्या कपांना तिचं तोंड लागू नये म्हणून. तुला ठाऊक आहे.

आता तिची मुलगी लायब्ररीत प्रदर्शन भरवतेय. झग्यांशेजारी तिला तो कप हवाय, आणि मी चार शब्द बोलावेत असं म्हणते. काय बोलू?

खुशाली कळवत जा, एवढंच मागते.
तुझी ताई,
सुप्रभा

मँचेस्टर, ९ मार्च २०२५

ती. सुप्रभाताईस सा. न. वि. वि.

अगं, आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकात छापून आलीस आणि त्यावरही पाणी ओततेस! आईने कामाला येणाऱ्या गंगूबाईंची कपबशी मोरीवर वेगळी ठेवली नव्हती का? तेव्हा आपण काही बोललो? सगळेच तसे होते. सेलेस्टीन बिचारी समाधानाने गेली. आता खपली काढून कुणाचं भलं होणार? तुझ्या मिलिंदने त्या पानाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय, माझी आई बघा म्हणून. आणि सियाला काय सांगशील? तुझ्या नातीची जिवलग मैत्रीण घानाची आहे.

कप दे, हसून दोन वाक्यं बोल, घरी ये. ऐकायची नाहीस म्हणा. लहानपणी देवापुढचा पेढा खाल्लास, तेही आपणहून जाऊन सांगून आली होतीस.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी,
शशी

वेम्बली, २० मार्च २०२५

चि. शशीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मनाला पटवून पाहिलं. सगळेच तसे होते हे खरं, पण हा कप मी ठेवला होता. तिचे खांदे, छाती, कंबर मी याच हातांनी मोजायची. अंगाला हात लागलेला चालायचा, कपाला ओठ चालत नव्हते.

सेलेस्टीनची मुलगी मंगळवारी आली. सगळं सांगितलं. तिने कप हातात घेतला. मग एवढंच विचारलं, की चहा झाल्यावर हा धुवायचं कोण? मी म्हटलं, सेलेस्टीनच. बाकीच्या बायकांचे कप मी धुवायची. ती मात्र आपला स्वतः धुवून खिडकीत उपडा घालायची. मी कधी सांगितलं नव्हतं. मुलगी म्हणाली, मग मम्मीला कळलं होतं.

कळूनही तिने जगाला तो मान म्हणून सांगितला, शशी. मला झाकायला की स्वतःला, कोण जाणे. आता विचारायचं तरी कुणाला?

प्रदर्शनात कपाखाली लावायची चिठ्ठी तुम्हीच लिहा, असं मुलगी जाताना म्हणाली. लिहिली. इंग्रजी मोडकंतोडकं, पण माझं. कप वेगळा का होता ते लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. मिलिंदला दाखवली नाही.

शनिवारी उद्घाटन आहे. सियाला बरोबर नेणार आहे. चिठ्ठी वाचून ती माझ्याकडे बघेल, तेव्हा मला तिथून हलायचं नाही.

माझी लाज वाटली तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.
तुझी ताई,
सुप्रभा