क्रोमाइटची चमक

शुक्रवार, संध्याकाळ

कॉलेजच्या संग्रहालयाच्या पुस्तिकेत कणकवलीकडच्या क्रोमाइटचा एकच फोटो द्यायचा होता. मला काल दगड घरी आणून काढलेलाच आवडला होता, काळाभोर, चकचकीत. पण हा दगड एवढा चमकतो कधी? वर्गात इतकी वर्षं मीच दाखवतोय ना तो! शेवटी बायकोला विचारलं, तर म्हणते, "सुको दिसा होतो, म्हणान वायच खोबरेल लावलंय. देवाक लावतत तसा."

हसू की रागावू! ती चमक छापून गेली असती तर? आधीचा मळकट फोटो सापडला, तोच पाठवला. हुश्श! पोरांना रानात हा दगड असाच भेटणार; तिथे तेल लावायला ही थोडीच असणार?