पाळीचं पाणी

५ नोव्हेंबर, बुधवार
त्रिपुरी पौर्णिमा. ही संध्याकाळी देवळात वाती लावायला गेली. मी गेलो नाही. घोडेगावहून फुल्याच्या मुलाचा, पारसचा फोन होता. फुल्याला पुण्याहून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच बरं. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पोटातलं सगळीकडे पसरलंय एवढं मला ठाऊक आहे.

गावाला तो फुलचंद शेट. मला फुल्या. तिसरीपासून एक बाक.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
जाऊन आलो. शिनोलीपासून जीप लगेच मिळाली. बाजारपेठेत खाली दुकान, वर घर. जिना मलाही चढवेना आज. फुल्या खिडकीजवळच्या खाटेवर. कान तेवढे ओळखीचे राहिलेत. गुरुजी ते धरून उभं करायचे त्याला.

"ये दाम्या. अजून आहेस?"
"तुझ्या आधी जायचा बेत होता. जीप भरली नाही."

हसला, मग खोकला थांबेना. सूनबाई सोनलने पाणी आणलं. उकळून गार केलेलं. यांच्यात तसंच पितात. शाळेत तो फिरकीचा तांब्या घेऊन यायचा, आमच्या माठातलं घ्यायचा नाही. मला वाटायचं आम्हाला कमी लेखतो. एकदा भांडलो, तेव्हा म्हणाला, पाण्यात जीव असतात. मग कितीतरी दिवस मी माठात डोकावून ते जीव शोधत होतो. मला रागावायचंसुद्धा नीट येत नव्हतं.

खिडकीतून पश्चिमेचा डोंगर दिसतो. तिसरीच्या पुस्तकात संध्याकाळची कविता होती. गुरं घरी निघालेली, सूर्य डोंगराआड. त्याला चाल कधी जमली नाही, तो नुसता ओरडायचा. आज मी हळू म्हणून दाखवली. डोळे मिटून ऐकली.
"पुढचं कडवं?"
आठवेना. येताना जीपमध्ये तेच घोकत होतो. आलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
म्हटलं, भीमाशंकराला अभिषेक करतो तुझ्या नावाने.
"कर. तुला बरं वाटेल."
"आणि तुला?"
"आमचा देव काही देत नाही रे. त्याने त्याचं ओझं उतरवलं, वाट दाखवली, संपलं. आता तो कुणाचं ऐकत बसत नाही."
"मग रोज हात कशाला जोडतोस?"
"फळ्यावरचा सुविचार तू रोज वाचायचास. फळा काय देत होता तुला?"

येताना वाटभर राग. न ऐकणारा देव काय कामाचा? धाकटी मुलगी गेली त्या वर्षी मी माझ्या देवाला ज्या शिव्या घातल्या, त्या कुणीतरी ऐकायला हव्या होत्या. त्याने त्या ऐकल्या असं मी धरून चाललो, म्हणून आज इथवर आलो.

निघालो तेव्हा खाली दुकानाच्या पायरीवर ठकूबाई बसलेली. तळेघरची. नवा तांदूळ घेऊन दरवर्षी पहिल्यांदा फुल्याच्याच दुकानात येते.
"शेट कसं हायती?"
मान हलवली.
"म्या वाघोबाला सांगून आलीया. शेटला हात लावू नगं म्हनलं."
"शेटला वाघाचं काय भ्या?"
"मरान वाघच की राव. ज्याचं भ्या वाटतं त्यालाच देव म्हनायचं. निवद दावायचा. मंग त्यो लांब बसतो."
"आणि नाही बसला तर?"
"तर न्हाय बसला." पोतं सारखं करून उठली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज फुल्याने दार लावून घ्यायला सांगितलं.

त्याचा नेम जुना आहे. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. लग्नात, प्रवासात, तापात, कधी मोडला नाही. आता घसा सारखा सुकतो. रात्रीच्या गोळीलाही पाणी घेत नाही म्हणून पारस परवा रडला.

"दाम्या, पुढे पुढे मला शुद्ध राहणार नाही. मी पाणी मागेन. पारसचं काळीज मऊ आहे, तो देईल. तू असलास तर देऊ नकोस. कुणाला देऊ देऊ नकोस."
"मला का सांगतोस? तुमच्यातल्या कुणाला सांग."
"तू पाटकरी. जन्मभर कालव्यावर काढलास. पाळी नसताना कुणाला पाणी सोडलंस? सख्ख्या मेव्हण्याला नाही सोडलंस."

खरं आहे. मेव्हण्याचा ऊस वाळला होता डोळ्यांदेखत. ही वर्षभर माहेरी गेली नाही.

"एवढं काय अडलंय रे त्या घोटात?"
"शेवटच्या घटकेला मन ज्यात अडकतं, तिथं पुढचा जन्म. मला पाण्यात अडकायचं नाही. मागितलं तरी मला आठवण करून दे, नेम आहे म्हणून. मी ऐकेन."

शब्द दिला. हात हातात घेतला तर लाकडासारखा कोरडा.

१६ नोव्हेंबर, रविवार
हिला सांगितलं. सांगायला नको होतं. भाकरी टाकता टाकता थांबली.
"मरत्या माणसाला पाणी द्यायचं नाय? कुठल्या देवानं सांगितलंय हे?"
"त्याच्या."
"मग त्याचा देव त्याला लखलाभ. तुमी तुमचं बघा. वैऱ्याच्या तोंडात बी पाणी घालतात."

देव्हाऱ्यात वडिलांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, लाखेने बंद केलेला. माझ्यासाठी नाहीतर हिच्यासाठी ठेवलेला. तिने तो आज फोडला. औषधाची लहान बाटली धुऊन तिच्यात थोडी गंगा भरली आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात घातली. "दोन थेंब. ओठाला लावायचं. कुनाला कळत बी नाय." मी बाटली काढून ठेवली नाही.

तिला समजावण्याइतकं माझंच मला कुठे पटलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार
काल लिहिता आलं नाही. फुल्या गेला.

जसं झालं तसं लिहितो. नंतर मी ते बदलून आठवेन.

दुपारपासून तिथेच होतो. काल शुद्ध चांगली होती, दोनदा हसलासुद्धा. त्यांची जेवणं दिवस असतानाच होतात. म्हणून म्हटलं, मी बसतो, तुम्ही जेवून घ्या. पारस दुकानातून वर आला. आतल्या खोलीत ताटांचा आवाज. फुल्या डोळे मिटून पडलेला.

मी खिडकीबाहेर बघत होतो. सूर्य डोंगराला टेकला. शाळेत चित्रं काढायचो तसा, दोन डोंगर आणि मधे अर्धा गोळा. मग गेला. खोली करडी झाली. आणि त्याच वेळी ते पुढचं कडवं आलं. आपोआप, अख्खं. इतका आनंद झाला की त्याला उठवून सांगावं म्हणून वळलो. त्याचे डोळे उघडेच होते.

"दाम्या, पाणी."

स्पष्ट म्हणाला. भ्रम नव्हता.

"मावळला रे."
"नक्की?"
"आत्ताच गेला डोंगराआड. माझ्यासमोर."

खिडकीकडे मान वळवायला गेला. वळली नाही.

"घोटभर."

माझा हात खिशात गेला. बाटली मुठीत धरली. म्हटलं, "फुल्या, तूच म्हणाला होतास." तो माझ्याकडे बघत राहिला. ओठांवरून जीभ फिरवली, तीही कोरडी. मग म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं.

ते कडवं म्हणायला लागलो, जुन्या चालीवर. गुरं गोठ्यात येतात, वासराला दूध मिळतं, असं काहीतरी आहे त्यात. म्हणून संपवलं तेव्हा तो झोपलाय असं वाटलं. बरं वाटलं मला.

सोनल पेला घेऊन आली. "काका, पप्पांना उठवता का? पाणी घेऊ देत, थोडा वेळ आहे अजून."
"दिवस मावळला की."
"नाही हो. डोंगराआड गेलाय नुसता. खरा मावळायचाय अजून. आम्ही पंचांगातली वेळ धरतो. ते बघा, तिकडे ऊन आहे."

तिने मागचं दार उघडलं होतं, त्यातून पूर्वेची टेकडी दिसत होती. माथ्यावर पिवळं ऊन. चांगलं लख्ख.

मग ती खाटेजवळ गेली. पेला खिडकीत ठेवला. आधी खांद्याला हात लावला, मग नाकापाशी धरला. हाक मारली नाही. खाली वाकून त्याच्या कानात नवकार मंत्र म्हणायला लागली. पारस आतून उष्ट्या हाताने धावत आला.

मी पेल्याकडे बघत होतो. भरलेला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार
अमावास्या. हिने विचारलं, "दिलं का?"
"दिलं."
तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. बाटली माझ्या खिशातच आहे. भरलेली.

आमची शिनोली डोंगराच्या उशाशी. लहानपणी फुल्या राहायला यायचा तेव्हा म्हणायचा, तुमच्याकडे दिवस लवकर मरतो. ऊन डोंगराआड गेलं की आई दिवा लावायची, आम्ही मुकाट्याने घरात. डोंगराआड गेला म्हणजे मावळला. जन्मात कधी दुसरं काही वाटलं नाही. पुस्तकातल्या कवितेतही तसंच होतं. त्याला हे माहीत होतं. तरी त्याने मलाच विचारलं, नक्की? आणि माझ्या शब्दावर थांबला.

२३ नोव्हेंबर, रविवार
त्यांच्या जैन स्थानकात सभा झाली. मला पुढे बसवलं. एक साध्वीजी बोलल्या, वयाने लहानच, आवाज शांत. म्हणाल्या, देव बाहेर कुणी नाही, शेवटचा भाव हाच आपला सोबती. पारस उभा राहिला. "पप्पांना शेवटी पाण्याचीही इच्छा उरली नव्हती. पाणी यायच्या आधीच शांत झाले. दामूकाका जवळ होते, त्यांनी पाहिलंय."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली.

नंतर पारसने पाया पडून घेतलं. नको म्हणायच्या आत खाली वाकला होता.

२९ नोव्हेंबर, शनिवार
झोप नाही. रात्री तोंड कोरडं पडतं, तांब्या उशाशी असतो, पीत नाही.

बाजारात ठकूबाई भेटली. दुकान उघडलंय, पारस गल्ल्यावर. ती म्हणाली, "वाघोबानं माजं ऐकलं न्हाय. औंदा निवद कमी केला म्या त्याचा."
म्हटलं, "ठकूबाई, मरताना कुणी पाणी मागितलं आणि नाही मिळालं, तर तुमच्यात काय म्हणतात?"
"काय म्हनायचं? तान्हेला गेला म्हनायचं."
"पुढे काय होतं त्याचं?"
"फुडलं कुनाला ठावं, राव. आमी दगडाव पानी वततो. प्येतो का न्हाय, कोन बघाया गेलंय." मग माझ्याकडे नीट बघितलं. "शेटनी मागितलं व्हतं का?"
जीप लागली होती. मी चढलो.

३ डिसेंबर, बुधवार
कालव्याला पाणी सुटलं. नवा पाटकरी पोरसवदा आहे, मोटारसायकलवर फिरतो. पुलावर थांबवून म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळी लई कडक व्हतं म्हनं. पाळीवाल्याचं पानी कोन मारायचं न्हाय."
हो म्हटलं.

दरवाज्याखालून पाणी फेसाळून येत होतं. पूर्वी तो आवाज ऐकत तासन्‌तास बसायचो, कवितेच्या ओळी जुळवायचो. आज उभं राहवेना. फुल्याच्या हिशोबाने तो आता पाण्यातच असणार. कशात, काय होऊन? माझ्या हिशोबाने देवाने त्याला उचलून घेतलं असेल, ओंजळीने पाजलं असेल. पण तो माझा देव. फुल्याला त्याची ओळख नव्हती. आणि फुल्याच्या देवाकडे माफी मागायला जावं, तर तो ऐकत नाही.

६ डिसेंबर, शनिवार
पारस घरी येऊन गेला. पुस्तिका छापायचीय वडिलांवर. "काका, शेवटच्या क्षणाचं तुम्हीच लिहा. तुमची भाषा चांगली आहे, पप्पा नेहमी सांगायचे. सोमवारी कागद न्यायला येतो." हिने त्याला चहा दिला, म्हणाली, "ह्यांच्या हातनं गेलं त्यांच्या तोंडात शेवटचं. पुण्यवान." मी चहा सांडला म्हणून बरं, नाहीतर पारसने विचारलं असतं. की ऐकलं त्याने? जाताना बोलला नाही फारसं.

कागद घेऊन ओट्यावर बसलो. फुल्याचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, शाळेच्या हजेरीत होतं तसं. पुढे जाईना. उठून गोठ्यातला हौद भरायला लागलो, काठोकाठ.

"गुरं विकून टाकली," ही म्हणाली, "हौद कुनासाठी भरताय?"

पाण्यावर एक किडा चालत होता, बारीक पायांचा. मध्येच थांबे. शिनोलीवर सावली आली, हिने दिवा लावला. पूर्वेला टेकडीच्या माथ्यावर ऊन होतं अजून. ते पुरतं जाईपर्यंत हौदाशी बसून राहिलो. बराच वेळ होतं.

आत येऊन नावाखाली एक ओळ लिहिली. पाळी त्याची होती.

सोमवारी पारस येईल.