माझ्यामागे गुरुवारची सभा

...तर वकील जयाताई पंधरा दिवसांपूर्वी आपल्या सभेत जे बोलल्या, तेच मी पुढे नेतोय. त्या म्हणाल्या, अठरा पूर्ण झालेल्या कोणीही मृत्युपत्र करावं, साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, पुढच्या सभेला लिहून आणा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिहिलं कोणीच नाही. अध्यक्ष गोकुळभाऊ तर म्हणाले, "काय राव अभद्र! आत्ता कुठं टोमॅटोला भाव आलाय, आत्ता मरतो का मी?" म्हणून सुरुवात मी करतो.

मी संयम सुवालाल खिंवसरा, वय पंचवीस, राहणार नारायणगाव, तालुका जुन्नर. वडिलांच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात बसतो आणि मीनाकाठ सेवा क्लबचा सेक्रेटरी आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझी आजी उगमबाई हिचं याबाबत वेगळं मत आहे ("पंचवीस वर्षांचा घोडा मृत्युपत्र लिहितोय! आधी लग्नपत्रिका छापायला टाक"). तिचं मत नोंदवतो, पण मानत नाही. मला कोणी धमकी दिलेली नाही, लालूच दाखवलेली नाही. शाळा पाचगणीला होस्टेलवर, इंग्लिश मीडियम, त्यामुळे माझं मराठी बोलतो तसंच लिहिलेलं आहे. समजून घ्या.

१. माझी स्कूटर बहीण रीनाला. ती तशीही तिच्याकडेच असते. पेट्रोल मात्र आता तिने स्वतः टाकावं.

२. बँकेत जे असेल ते आजीला. तिने ते माझ्या लग्नासाठी राखून ठेवू नये, कारण तेव्हा मी नसेन.

३. दर गुरुवारी सभेत माझ्या नावाची एक प्लेट बटाटाभजी येते. आम्ही जैन, घरात बटाटा चालत नाही आणि दिवस मावळल्यावर तर काहीच चालत नाही. तीन वर्षं ही प्लेट टेंपोवाले सावळेराम "वाया जायला नको" म्हणून खातात. ती आता रीतसर त्यांची. तळलेली मिरचीसुद्धा.

४. गेल्या वर्षीच्या रक्तदान शिबिराचा बॅनर गोकुळभाऊंना. त्यावर त्यांच्या फेट्याच्या तुऱ्यामागे माझा अर्धा चेहरा आहे. शिबिर मी भरवलं, रक्त मी दिलं, चक्कर मला आली आणि फोटोत तुरा. माफ केलं. पण बॅनर त्यांनी घरात दिसेल असा लावावा.

५. व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद कोणालाही मिळू नये. भांडणं होतील.

६. हे कलम मोठं आहे, चहा घेऊन वाचा.

पुण्यातली नोकरी सोडून मी गावी आलो तेव्हा मला इथे कोणीच ओळखत नव्हतं. दुकानात लोक माझ्याशी बोलायचं ते पप्पांना विचारायचे, "पोराला मराठी येतं ना?" पप्पांनी मला क्लबात पाठवलं. आपल्या सभेत हजेरी घेताना कोणी 'हजर' म्हणत नाही. उभं राहून आठवड्यातली एक चांगली बातमी सांगायची, नसेल तर गाणं म्हणायचं. माझ्याकडे बातमी नव्हती. मराठी गाणं एकही पाठ नव्हतं. मी शाळेची प्रार्थना इंग्लिशमध्ये म्हटली, तिन्ही कडवी. मग मागून दादाभाऊ म्हणाले, "पोरा, कळलं काय बी न्हाई, पण लई मन लावून म्हणलास. बस, चा घे."

दादाभाऊ म्हणजे वीज मंडळातले रिटायर वायरमन, वय चौऱ्याहत्तर, क्लब सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या पत्नी वारल्यापासून अवसरी बुद्रुकला एकटेच असतात. दर गुरुवारी शेअर जीपने येतात. त्या पहिल्या सभेपासून मी आठवडाभर चांगली बातमी शोधत फिरतो. सापडते. आधी सापडत नव्हती.

तर गोकुळभाऊंनी आयडिया काढली की सभा मोबाईलवर घेऊ, पेट्रोल वाचेल, वेळ वाचेल. खरं लिहायचं तर सगळ्यात जास्त उड्या मीच मारल्या. लिंक मी बनवली, मागे शिवनेरीचा फोटो मी लावला. मागच्या गुरुवारी ट्रायल झाली. वीसपैकी एकोणीस हजर, रेकॉर्ड! अर्धा तास "माझा आवाज येतोय का" यात गेला. गोकुळभाऊंचा माइक चालूच राहिला, त्यामुळे सगळ्या क्लबाने त्यांना टोमॅटोचा सौदा करताना ऐकलं. सावळेराम टेंपो चालवत होते, आम्हाला फक्त त्यांची हनुवटी आणि लटकणारी लिंबू-मिरची दिसली. चांगल्या बातम्यांना वेळच उरला नाही.

विसावे दादाभाऊ. त्यांचा फोन बटणांचा. निरोप मी ग्रुपवर टाकला, त्यांना फोन करायचा राहिला. सेक्रेटरी मी, चूक माझी. हॉटेलवाल्याला भजी नको सांगायचं, तेही राहिलं.

शुक्रवारी हॉलवर गेलो, इतिवृत्ताची वही उघडली. दादाभाऊंच्या अक्षरात लिहिलं होतं:

"सभा सात वाजता चालू. हजर दोन, दादाभाऊ व वॉचमन भागू. बाकीचे मंचरच्या ट्राफिकमधी आडकले असावेत. घंटा वाजवली. चांगली बातमी: दादाभाऊच्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही पाटी, म्हंजे माद्या. भागूकडं बातमी नव्हती, त्यानं भजन म्हणलं. भजी वीस प्लेट आली. दोन खाल्ल्या, अठरा एसटी स्टँडवर वाटल्या. हा उपक्रम म्हणून धरावा. आभार दादाभाऊंनी मानले."

मी फोन केला. म्हटलं, "दादाभाऊ, सॉरी, माझ्यामुळे..."

"आरं, त्यात काय! तुमी समदे सुखरूप हाये ना? मला वाटलं गाडीबिडी उलटली का काय. भागूला म्हणलं, सभा चालू ठिवू, येत्याल."

तर माझा लॅपटॉप, स्पीकर आणि माइक क्लबाला, या अटीवर, की एक जरी सभासद पायऱ्या चढून येत असेल तरी सभा हॉलमध्येच भरेल. (माइक गोकुळभाऊंकडे एका वेळी दोनच मिनिटं.) अट मोडली तर सगळं आजीच्या महिला मंडळाला. त्या प्रत्यक्ष भेटतात, आणि रोज भेटतात.

७. ~~माझं ट्रेकिंगचं जॅकेट दादाभाऊंना, जीपमध्ये वारं लागतं म्हणून.~~ खोडलं. कारण लिहितो.

जयाताई म्हणाल्या होत्या, ज्याला काही मिळणार त्याला शक्यतो साक्षीदार करू नका. मी बघितलं तर क्लबात कोणी उरलंच नव्हतं, जवळच्या प्रत्येकाला मी काहीतरी देऊन बसलो होतो. आज संध्याकाळी सगळ्यांच्या आधी दादाभाऊ आले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "खोड माझं कलम. सही मी करतो. एका जॅकेटापायी तुझ्या मरणाची वाट बघत शंभर वर्सं जगू का मी? द्यायचं तर आत्ता दे, थंडी आत्ता वाजतीय."

जॅकेट दिलं. बाह्या लांब होतात, पण त्यांनी काढलं नाही.

दुसऱ्या सहीला भागू. त्याने विचारलं, "मला काय ठिवलंय का?" मी सगळी पानं पाहिली. घरच्यांना वाटलं, क्लबाला वाटलं आणि हॉलचं कुलूप जो उघडतो त्याचं नावच नाही.

"न्हाई ना? मग आण पेन," भागू म्हणाला.

वरचं सगळं मी शुद्धीत लिहिलं, दोघांसमोर सही केली, दोघांनी माझ्यासमोर केली.

सही: संयम सुवालाल खिंवसरा
साक्षीदार १: दादाभाऊ, राहणार अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव
साक्षीदार २: भागू, वॉचमन, क्लबचा हॉल
ठिकाण: नारायणगाव. गुरुवार, ११ डिसेंबर २०२५, संध्याकाळचे पावणेसात.

सभासदांनो, आता सात वाजता गोकुळभाऊ ठराव मांडतील, सभा कायमची मोबाईलवर. पण नियमाने आधी मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करावं लागतं, आणि मागच्या गुरुवारी सभा दोन झाल्या. मंजुरीला मी एकच ठेवू शकतो, आणि जी ठेवीन तीच क्लबाची खरी सभा धरली जाईल. एकोणीस जणांची ठेवू का दोघांची, तुमचं मत काय?